पेप्टाइडच्या पाठीवरून औषध पेशीत: खान्देशातल्या प्रयोगशाळेत प्रकल्प कसा उभा करावा

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार इथे एम.एस्सी. किंवा एम.फार्म. करताना ‘पेशीत शिरणारी पेप्टाइड्स’ (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) हा विषय ज्यांनी घेतलाय किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विषय सुंदर आहे. त्याला लागणारं सामान मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेत जमू शकतं आणि आपल्या भागातल्या एका मोठ्या दुखण्याशी, सिकलसेल या रक्तविकाराशी, त्याचा थेट संबंध आहे. फक्त हा विषय फसवाही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकल्या की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं.

आधी अडचण समजून घेऊ. पेशीचं आवरण म्हणजे जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा स्निग्ध थर. लहान आणि थोडे तेलकट रेणू त्यातून पार होतात, म्हणून आपल्या बहुतेक गोळ्या काम करतात. पण नवी औषधं आकाराने दांडगी आहेत. एखादं जनुक गप्प करणारा एसआयआरएनए सुमारे १३,००० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) असतो आणि त्यावर गच्च ऋणभार असतो. जनुक कापणारं कॅस-९ हे प्रथिन १,६०,००० डाल्टनच्या घरात जातं. असे रेणू आवरणाबाहेरच अडकतात. त्यांना आत न्यायला वाहक लागतो.

१९८८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दिसलं की एचआयव्ही विषाणूचं टॅट नावाचं प्रथिन पेशींच्या द्रावात टाकलं तर ते आपसूक आत जातं. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या प्रोशियांत्झ यांच्या गटाने फळमाशीच्या अँटेनापीडिया प्रथिनातला अवघ्या १६ अमिनो आम्लांचा तुकडा आत शिरतो हे दाखवलं. त्याचं नाव पेनेट्रॅटिन. १९९७ मध्ये टॅटमधलाही असाच छोटा, धनभाराने भरलेला तुकडा वेगळा काढला गेला. १९९९ मध्ये डाउडी यांच्या गटाने टॅटला जोडलेलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे मोठं एन्झाइम उंदराच्या शरीरात टोचून ते मेंदूपर्यंतच्या ऊतींत पोचल्याचं मांडलं आणि या क्षेत्रात एकदम गर्दी झाली.

मग २००३ साल आलं. रिशार, लेब्ल्यू आणि सहकाऱ्यांनी जुनेच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केले. पेशी फॉर्मॅल्डिहाइडने किंवा मिथेनॉलने स्थिर केल्या की बाहेर चिकटलेलं पेप्टाइड त्या प्रक्रियेतच आत सरकतं आणि केंद्रकात जाऊन बसतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे तोवरच्या कितीतरी देखण्या छायाचित्रांतलं ‘आत शिरणं’ पेशी मेल्यानंतर घडलेलं होतं. प्रकल्प सुरू करण्याआधी वाचायचा एकच शोधनिबंध निवडायचा असेल, तर मी हाच हातात देईन.

पायरी १: पुरावा आधी ठरवा, पेप्टाइड नंतर

पहिल्या दिवशी वहीत एक वाक्य लिहा: ‘माझा रेणू कामाच्या जागी पोचला तर पेशीत अमुक बदल दिसेल.’ हे वाक्य जमत नसेल तर काहीही मागवू नका.

एसआयआरएनए नेत असाल तर लक्ष्य जनुकाचा संदेशवाहक आरएनए घटला पाहिजे. तो क्यूपीसीआरवर मोजता येतो. त्याच्या शेजारी अक्षरं तीच पण क्रम विस्कटलेला एसआयआरएनए घ्यायचा. त्यानेही तेवढीच घट आली तर ती तुमच्या औषधाची नाही, पेशीला झालेल्या त्रासाची आहे. प्रथिन नेत असाल तर आत गेल्यावर काहीतरी करून दाखवणारं प्रथिन निवडा. क्री रिकॉम्बिनेज (डीएनए कापून जोडणारं एन्झाइम) घेतलं, तर खास तयार केलेल्या पेशींत ते केंद्रकापर्यंत पोचल्यावरच रंग बदलतो.

मला सगळ्यात आवडणारी कसोटी १९९८ मध्ये रिशार्ड कोल यांच्या प्रयोगशाळेतून आली. त्यांनी हेला पेशींत उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेजचं जनुक घातलं आणि त्याच्या मध्येच मानवी बीटा-ग्लोबिनचा एक बिघडलेला इंट्रॉन (संदेश तयार होताना कापून टाकायचा तुकडा) खुपसला. तो इंट्रॉन नीट कापला जात नाही, म्हणून पेशी अंधारी राहते. तुमच्या पेप्टाइडने अँटिसेन्स रेणू (आरएनएवर नेमक्या जागी चिकटणारा) केंद्रकात पोचवला तर जोडणी दुरुस्त होते आणि पेशी उजळते. इथे उजेड बाहेर चिकटलेल्या मालातून येऊच शकत नाही, म्हणून ही कसोटी खरी. या पेशी हाताशी नसतील तरी ‘काम झालं तरच खूण उमटेल’ हे तत्त्व आपल्या मोजणीत उतरवा.

पायरी २: पेप्टाइड निवडणं

नवशिक्यांनी स्वतः नवा क्रम रचायच्या भानगडीत पडू नये. आधी एक ओळखीचं पेप्टाइड नीट चालवून दाखवा, मग त्यात बदल करा.

टॅटचा वापरातला तुकडा ११ अमिनो आम्लांचा आहे: टायरोसिन, ग्लायसिन, आर्जिनिन, दोन लायसिन, दोन आर्जिनिन, ग्लुटामिन आणि शेवटी तीन आर्जिनिन. एकूण सहा आर्जिनिन आणि दोन लायसिन, म्हणजे बाजूच्या साखळ्यांवर आठ धनभार. पेनेट्रॅटिनमध्ये धनभारांसोबत दोन ट्रिप्टोफॅन आहेत, त्यामुळे ते स्निग्ध थराशी जास्त सलगी करतं. आठ-नऊ आर्जिनिनची नुसती माळही चालते. लायसिनच्या माळेपेक्षा आर्जिनिनची माळ सरस ठरते, कारण आर्जिनिनचा ग्वानिडिनियम गट पेशीबाहेरच्या हेपारान सल्फेट या साखरी साखळीच्या सल्फेटला आणि आवरणाच्या फॉस्फेटला दोन-दोन हायड्रोजन बंधांनी एकाच वेळी धरतो. लायसिनच्या अमाइनला अशी दुहेरी पकड जमत नाही.

क्रम शोधायला चंडीगढच्या इमटेक या संशोधन संस्थेत राघवा यांच्या गटाने तयार केलेला सीपीपीसाइट हा संग्रह मोफत आहे. २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. एखादा क्रम पेशीत शिरेल का याचा अंदाज देणारं सेलपीपीडी आणि लाल पेशी फोडेल का हे सांगणारं हेमोपीआय ही साधनंही त्यांचीच. अंदाज तो अंदाजच, पण दहा क्रमांतून तीन निवडायला याची मोठी मदत होते, आणि हे काम भर उन्हाळ्यात घरी बसूनही होतं.

पायरी ३: बनवणं की मागवणं

मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावर पेप्टाइड बांधायची पद्धत दिली. तिच्यासाठी त्यांना १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज बहुतेक ठिकाणी याच पद्धतीचा एफमॉक प्रकार वापरतात: रिंक अमाइड रेझिन, डीएमएफमधलं २० टक्के पिपेरिडिन, जोडणीसाठी एचबीटीयू किंवा डीआयसी, आणि शेवटी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाने, म्हणजे टीएफएने, रेझिनवरून सोडवणं. फ्यूम हूड चांगला असेल आणि हाताशी एचपीएलसी (मिश्रण वेगळं करून शुद्धता दाखवणारं यंत्र) असेल तर स्वतः बनवायला हरकत नाही. फक्त ध्यानात ठेवा, आर्जिनिनच्या माळेत जोडण्या रखडतात. प्रत्येक आर्जिनिन दोनदा जोडा, दर वेळी निनहायड्रिनची कैसर चाचणी घ्या. मणी निळे आले म्हणजे मोकळे अमाइन उरलेत. शेवटी आर्जिनिनवरचे पीबीएफ संरक्षक गट उतरायला वेळ लागतो. घाईने तासाभरात आटोपलं तर वस्तुमान आलेखावर अर्धवट उतरलेल्या गटांची शिखरं दिसतात.

मागवत असाल तर मागणीपत्रात चार गोष्टी लिहून घ्या: शुद्धता किमान ९५ टक्के, शेपटीला (सी-टोकाला) अमाइड, सोबत एचपीएलसी व वस्तुमान आलेख, आणि क्षार कोणता हवा ते. हा चौथा मुद्दा पुढच्या पायरीत सविस्तर येतो.

चमकणारी खूण हवी असेल तर एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग थेट पहिल्या अमिनो आम्लाला जोडायला सांगू नका. रेझिनवरून सोडवताना आम्लात ती खूण पहिलं अमिनो आम्ल सोबत घेऊन गळून पडते. मध्ये अमिनोहेक्झॅनोइक आम्लाचा टेकू लागतो. शिवाय एफआयटीसी आम्लयुक्त जागेत मंद पडतो, आणि पेप्टाइड अडकून पडतं ती पेशीतली पिशवी नेमकी आम्लयुक्त असते. जिथे सगळ्यात जास्त माल साचलाय तिथेच कमी उजेड दिसला तर निष्कर्ष उलटे निघतात. टॅम्रा हा दुसरा चमकणारा रंग या बाबतीत भरवशाचा.

पायरी ४: वजन, पाणी आणि आपला उन्हाळा

प्रकल्प बिघडतात ते बहुधा इथे, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

अमाइड शेपटीच्या टॅट तुकड्याचं रेणुभार १५५८.९. तो टीएफएमध्ये शुद्ध केला की प्रत्येक धनभारावर टीएफएचा एक ऋणभार बसतो. बाजूचे आठ आणि टोकाच्या अमाइनचा एक असे नऊ. एका टीएफएचे ११४, म्हणजे नवांचे १०२६. कुपीतल्या पांढऱ्या पुडीचं खरं रेणुभार झालं २५८५. यात पेप्टाइड साधारण ६० टक्के, बाकीचं क्षार. एक मिलिग्रॅम पुडीत तुम्ही ६४१ नॅनोमोल धरता, असतात ३८७. त्यावर ओलावा वेगळा. म्हणजे ‘१० मायक्रोमोलर’ असं लिहून तुम्ही प्रत्यक्षात ६ दिलेले असतात. दुसऱ्या पेप्टाइडमध्ये धनभार कमी असतील तर त्याचा टक्का वेगळा, मग दोघांची तुलना पहिल्या दिवसापासूनच वाकडी.

यावर उपाय आहे. क्षार अॅसिटेट किंवा क्लोराइड मागा, कारण उरलेलं टीएफए पेशींनाही त्रास देतं. आणि वजनावर न विसंबता द्रावणाची तीव्रता मोजा. टॅटमध्ये एक टायरोसिन आहे. २८० नॅनोमीटरला त्याचा शोषण गुणांक सुमारे १४९०, म्हणून ०.१ मिलिमोलर द्रावणाने एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये जवळपास ०.१५ वाचन द्यावं. नुसत्या आर्जिनिनच्या माळेत प्रकाश शोषणारं काहीच नसतं, म्हणून मागवतानाच टोकाला एक ट्रिप्टोफॅन लावून घ्या. रंगाची खूण असेल तर त्या रंगाचं शोषण मोजा.

आता आपल्या हवेबद्दल. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कुरियरची पेटी गोदामात पडून राहिली तर धास्ती वाटते. सुकवलेलं पेप्टाइड दोन-चार दिवसांच्या उन्हाने सहसा मरत नाही. त्याचा खरा शत्रू ओलावा. उणे २० अंशातली कुपी काढून लगेच उघडली की हवेतलं बाष्प आत जमतं आणि पुडी चिकट होते. पावसाळ्यात तर हमखास. कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण फिरवा. पेनेट्रॅटिनमध्ये मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन आहेत, ते हवेने ऑक्सिडाइज होतात. सिस्टीन असलेली पेप्टाइड्स आपापसात जोड्या लावतात. म्हणून द्रावण केल्यावर छोटे हिस्से करून गोठवा आणि एकदा वितळवलेला हिस्सा परत गोठवू नका. नळ्या कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. पातळ द्रावणातलं धनभारित पेप्टाइड काचेला आणि साध्या प्लास्टिकला बिलगून बसतं.

आणखी एक. परदेशी पद्धतींत ‘खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं ठेवा’ असं लिहिलेलं असतं. त्यांची खोली २० ते २५ अंशांची. एप्रिलमध्ये एसी बंद असलेली आपली प्रयोगशाळा ३५ च्या वर असते. पेप्टाइड आणि आरएनएच्या गुठळ्यांचा आकार तापमानाने बदलतो, म्हणून जानेवारीत जमलेला प्रयोग मेमध्ये जमत नाही. २५ अंशांवर लावलेला ठोकळा (ड्राय बाथ) किंवा वॉटर बाथ वापरा आणि वहीत तापमान लिहा. त्याच कारणाने ४ अंशांच्या नियंत्रण प्रयोगात बर्फावर ठेवलेल्या प्लेटमधला द्राव थर्मामीटरने तपासा. बर्फ दिसतोय म्हणजे द्राव थंड आहे असं धरून चालू नका.

पायरी ५: औषध आणि पेप्टाइड यांची जोडणी

दोन वाटा आहेत. पीएमओ किंवा पीएनएसारखे भार नसलेले अँटिसेन्स रेणू पेप्टाइडला पक्क्या बंधाने जोडतात. बंध डायसल्फाइडचा ठेवला तर पेशीतलं ग्लुटाथायोन तो तोडतं आणि औषध सुटं होतं. पेशीबाहेर ग्लुटाथायोन फार कमी असल्याने बंध तिथे बऱ्यापैकी टिकतो.

एसआयआरएनएसारख्या ऋणभारित रेणूंना मात्र नुसतं मिसळून गुठळी करणं बरं. प्रत्येकी २१ अक्षरांच्या दोन साखळ्यांत मिळून ४० फॉस्फेट. टॅटचे आठ धनभार धरले तर एका एसआयआरएनएला पाच पेप्टाइड्स लागून भार बरोबरीत येतो. १०० नॅनोमोलर एसआयआरएनएसाठी बरोबरीला ०.५ मायक्रोमोलर, चौपट धनभारासाठी २, आठपटीसाठी ४. अशी प्रमाणांची उतरंड करून २ टक्के अॅगारोजवर चालवा. मोकळा आरएनए खाली धावतो, बांधलेला खाचेतच राहतो. मग त्याच गुठळीत हेपारिन घालून पाहा. कितीने सुटते हे कळलं पाहिजे, कारण पेशीबाहेर हेपारिनसारख्याच साखरी साखळ्यांचं रान आहे. अगदी सहज सुटणारी गुठळी वाटेतच माल सांडते आणि कधीच न सुटणारी आत जाऊनही कामाची नाही. शक्य असेल तिथे डीएलएसवर आकार मोजून घ्या. एक-दोनशे नॅनोमीटरच्या आत असेल तर पुढे जा.

साधा टॅट तुकडा एसआयआरएनए वाहायला लुळा पडतो, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढच्या टोकाला स्टिअरिक आम्लाची शेपटी लावली की फरक पडतो. फुताकी यांनी २००१ मध्ये आठ आर्जिनिनच्या माळेवर, डीएनए वाहताना, हे दाखवलं. नंतर स्वीडनमधल्या लांगेल यांच्या गटाने त्याच वाटेने पेपफेक्ट मालिका उभी केली.

पायरी ६: पेशी

हेला किंवा एचईके-२९३ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीपेढीतून घ्या. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणलेल्या पेशींचा पत्ता कुणाला नसतो. आल्यावर आधी मायकोप्लाझ्माची चाचणी, मग तीन-चार पिढ्या वाढवून गोठवलेला साठा, त्यानंतर प्रयोग. वीज जाते तेव्हा इन्क्युबेटर किती वेळ टिकतो हे एकदा मोजून ठेवा आणि लांबचे प्रयोग देखभालीच्या वीजबंदीच्या दिवशी लावू नका.

पायरी ७: आत गेलं का?

प्रयोगशाळेत हमखास ऐकू येणारा संवाद असा:

‘सर, या ना बघायला! सगळ्या पेशी चमकताहेत.’

‘ट्रिप्सिन दिलंस का?’

‘नाही सर, पीबीएसने तीनदा धुतलं.’

‘फिक्स केल्यात?’

‘हो, फॉर्मॅल्डिहाइडने.’

‘मग हा फोटो बाजूला ठेव. उद्या जिवंत पेशींवर कर.’

विद्यार्थी हिरमुसतो, पण नियम पक्का ठेवा. धनभारित पेप्टाइड पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाला इतकं घट्ट धरतं की पीबीएस (पेशी धुवायचं क्षारयुक्त द्रावण) ते सोडवू शकत नाही. रीत अशी: २४ खाचांच्या प्लेटमध्ये पेशी आदल्या दिवशी पेरा. १, २, ५ आणि १० मायक्रोमोलर पेप्टाइड ३७ अंशाला एक तास द्या. द्राव काढा, हेपारिन मिसळलेल्या थंड पीबीएसने धुवा, मग पाच-दहा मिनिटं ट्रिप्सिन द्या. ट्रिप्सिन आर्जिनिन आणि लायसिननंतर कापतं, त्यामुळे बाहेर चिकटलेल्या पेप्टाइडचे तुकडे होतात आणि पेशीही तळापासून सुटतात. फ्लो सायटोमीटरवर नेताना प्रोपिडियम आयोडाइड घाला. मेलेल्या पेशी लाल दिसतात, त्यांना मोजणीतून वगळा. आवरण फाटलेल्या पेशीत काहीही शिरतं. एफआयटीसी वापरलं असेल तर ट्रिपॅन ब्लूने बाहेरची चमक विझवून पुन्हा वाचा. छायाचित्रं जिवंत पेशींचीच घ्या.

कोणत्या वाटेने गेलं हे पाहायला एक संच ४ अंशाला ठेवा. तिथे पिशव्या करून गिळणं थांबतं. क्लोरप्रोमॅझिन, मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि अमिलोराइड यांनी वेगवेगळ्या वाटा अडवता येतात, पण ही औषधं पेशीला इतर त्रासही देतात. त्यांच्या एकट्याच्या आधारावर ‘हे क्लॅथ्रिनच्याच वाटेने जातं’ असं छातीठोक लिहू नका. कमी तीव्रतेला बहुतेक माल पिशव्यांतून जातो आणि १० मायक्रोमोलरच्या वर काही पेप्टाइड्स थेट आवरणातूनही घुसतात. म्हणून तीव्रता बदलली की निष्कर्ष बदलतो.

पायरी ८: पिशवीतून बाहेर आलं का?

सगळी गोम इथे आहे. गिळलेलं पेप्टाइड एंडोसोम नावाच्या पिशवीत असतं. पाहुणा ओट्यावर येऊन बसला म्हणजे माजघरात आला असं होत नाही, तसंच हे. पिशवीचा आतला पीएच आधी ६ ते ६.५, मग खाली घसरत लायसोसोममध्ये ४.५ ते ५. तिथे एन्झाइम पेप्टाइड आणि औषध दोघांनाही खाऊन टाकतात. सुटका होते ती फारच थोड्या मालाची.

कमी खर्चातली तपासणी कॅल्सीनची. हा हिरवा रंग स्वतः आवरण ओलांडत नाही. पेशीला कॅल्सीन आणि पेप्टाइड एकत्र द्या. पिशव्या शाबूत असतील तर हिरवे ठिपके दिसतात. फुटल्या असतील तर सगळ्या पेशीत पसरट हिरवा उजेड. सोबत १०० मायक्रोमोलर क्लोरोक्विनचा एक संच ठेवा. क्लोरोक्विन पिशवीत साचून ती फुगवतं आणि फोडतं. क्लोरोक्विनने तुमच्या औषधाचा परिणाम कित्येक पटींनी वाढला, तर तुमचं पेप्टाइड आत जातंय पण सुटत नाही, हे निदान पक्कं. पुढे काय सुधारायचं तेही कळतं.

सुधारायच्या वाटा ठरलेल्या आहेत. हिस्टिडिन पेरा. त्याची बाजूची साखळी पीएच ६ च्या आसपास धनभार घेते, म्हणून बाहेर गप्प आणि पिशवीत सक्रिय. इन्फ्लुएंझा विषाणूच्या एचए-२ चा तुकडा आम्लात आकार बदलून आवरणात घुसतो. तो टॅटला जोडून अनेकांनी वापरलाय. गाला हे रचलेलं पेप्टाइड ग्लुटामिक आम्लाच्या जोरावर तसंच वागतं. असा एक बदल निवडा, मूळ पेप्टाइडशेजारी चालवा आणि पहिल्या पायरीत ठरवलेल्या कसोटीवर दोघांना मोजा. एका एम.एस्सी. प्रकल्पाला एवढं पुरेसं आहे, आणि प्रामाणिकपणे केलं तर चांगलं काम आहे.

पायरी ९: पेशीला इजा

एमटीटी चाचणी सगळे करतात, करा. पण ती पेशीचा चयापचय मोजते, फाटलेलं आवरण दाखवत नाही. सोबत पेशीतून गळालेलं एलडीएच हे एन्झाइम मोजा. लाल पेशींची चाचणी सोपी आहे: धुतलेल्या लाल पेशींचा २ टक्के द्राव, पेप्टाइडसोबत ३७ अंशाला एक तास, सेंट्रिफ्यूज, वरचा द्राव ५४० नॅनोमीटरला. पीबीएस शून्य टक्के, १ टक्का ट्रायटन शंभर टक्के. लाल पेशी फोडणारं पेप्टाइड पिशव्याही छान फोडतं, म्हणून पायरी ८ चा आकडा या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय वाचू नका.

पायरी १०: सीरममध्ये टिकतं का

सीरमविना जमलेला प्रयोग १० टक्के सीरममध्ये पुन्हा करा. बरेचदा परिणाम निम्म्याहून खाली येतो. रक्तातली प्रथिनं पेप्टाइडला धरून ठेवतात आणि आर्जिनिन-लायसिननंतर कापणारी एन्झाइम त्याचे तुकडे पाडतात. पेप्टाइड सीरममध्ये ३७ अंशाला ठेवून ठरावीक वेळांनी एचपीएलसीवर पाहा. टिकवायचं असेल तर डी-अमिनो आम्लं वापरा किंवा साखळीचं कडं करा.

या पायरीचं महत्त्व पटवायला नेरिनेटाइडचं उदाहरण देतो. पक्षाघातात मेंदूपेशी वाचवण्यासाठी टॅटच्या ११ अमिनो आम्लांना नऊ अमिनो आम्लांचं औषध जोडून ते बनवलं. त्याच्या एकूण २० अमिनो आम्लांत आर्जिनिन-लायसिन मिळून नऊ आहेत. ११०५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले आणि एकूण गटात अपेक्षित फायदा दिसला नाही. बारकाईने पाहिल्यावर कळलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ज्यांना दिलं होतं, त्यांच्या रक्तात नेरिनेटाइडची पातळी घसरली होती. अल्टेप्लेज प्लाझ्मिन तयार करतं आणि प्लाझ्मिन आर्जिनिन-लायसिननंतरच कापतं. अल्टेप्लेज न घेतलेल्या गटात फायद्याची चिन्हं होती. पेशीत नेणारे तेच भार, आणि कात्रीला बोलावणारेही तेच.

आपल्याकडे याचा उपयोग

केळीच्या शेतकऱ्याची पोरं मला विचारतात, हे झाडात चालेल का? जपानच्या रायकेन संस्थेत नुमाता यांच्या गटाने लायसिन-हिस्टिडिनची माळ आणि बीपी-१०० हे पेप्टाइड जोडून वनस्पतींच्या पानांत डीएनए आणि दुपदरी आरएनए नेलाय. रावेर-यावलच्या केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू हा आरएनए विषाणू आहे, म्हणून प्रश्न रास्त आहे. वनस्पतीला पेशीभित्तिकेचा जादा अडसर असतो. तो स्वतंत्र प्रकल्पाचा विषय होईल.

माणसांच्या बाजूने पाहिलं तर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्याने लाल पेशी विळ्यासारखी वाकते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढून, विजेच्या झटक्याने त्यांत कॅस-९ घालून बीसीएल-११-ए या जनुकाचा एक भाग तोडतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. विजेचा झटका पेशींना सोसवत नाही आणि यंत्रणा महागडी आहे. २०२३ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने झटक्याऐवजी पेप्टाइडच्या मदतीने रक्ताच्या पेशींत जनुक-संपादक प्रथिनं नेऊन दाखवली. आपल्या पातळीवर के-५६२ या रक्तपेशींच्या वाणावर सुरुवात करता येते, त्या गर्भातलं ग्लोबिन बनवू शकतात. जनुक-संपादनाचं काही करायचं असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या.

कुणी विचारलंच तर ठाम सांगा: ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेली पेप्टाइडची पुडी माणसाला टोचायची नसते. तिच्या निर्जंतुकपणाची, किंवा ती अंतर्विषापासून (जिवाणूंच्या आवरणातल्या विषापासून) मुक्त असल्याची कुठलीही हमी नसते. आणि सिकलसेलच्या रुग्णाने चालू असलेलं हायड्रॉक्सियुरिया अशा बातम्या वाचून सोडू नये.

रुग्णांचं रक्त प्रयोगाला हवं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एक थेंबही घेऊ नका. समितीच्या बैठका दर महिन्याला होतातच असं नाही, म्हणून अर्ज पहिल्या सत्रातच टाका. संमतीपत्र मराठीत असतं, पण पाड्यावरच्या आजीला ते पावरीत किंवा भिलोरीत समजावून सांगणारं माणूस सोबत न्या, शक्यतो तिथलीच आशाताई. या रक्तातून तुम्हाला स्वतःला लगेच औषध मिळणार नाही, हे वाक्य त्यात आलंच पाहिजे. नाही म्हणायचा हक्क आहे, आणि नाही म्हटलं तरी दवाखान्यातले उपचार तसेच चालू राहतील, हेही. रुग्णाला आधीच रक्त कमी असतं, म्हणून लागतील तेवढेच मिलिलिटर लिहा आणि नेहमीच्या तपासणीला रक्त काढतील त्याच सुईतून घ्या.